सहा घरचे नाश्ते आणि लेप्टिनचा रिपोर्ट

माझं वजन शहाण्णव किलो भरलं, तेव्हा त्याचा दोष कुणाला तरी देणं भाग होतं. पहिल्यांदा मी तो वजनकाट्याला दिला. त्याचा सेल बदलला. काटा सत्त्याण्णव दाखवायला लागला. मग मी जुना सेल परत घातला आणि काट्याला माफ करून टाकलं.

मी कामशेतच्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. म्हणजे लोकांचं रक्त काढतो. सकाळी सहाला बर्फाची पेटी स्कूटरला लावायची आणि निघायचं. दोन दिवस लोणावळा आणि वर कुरवंड्यापर्यंत, दोन दिवस वडिवळे आणि धरणाकडची गावं, उरलेले दिवस जिथून फोन येईल तिथं. दहाच्या सुमाराला लॅबवर परत. गेली एकोणीस वर्षं हेच चाललंय.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझी शुगर काठावर आल्यापासून तिनं मला मोजून जेवायला घालायचं ठरवलं. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, भात रविवारी. दोन वर्षं हे चाललं आणि दोन वर्षांत माझं वजन चार किलोनं वाढलं. ती चौथीला गणित शिकवते. त्यामुळे हे उत्तर तिला काही केल्या पटेना.

उत्तर मला ठाऊक होतं. ते असं, की ज्याचं रक्त उपाशीपोटी घ्यायचं असतं, तो माणूस रात्रीपासून उपाशी असतो. मी रक्त घेतलं की तो सुटतो. त्या घरात तोवर पोहे तयार असतात, कारण घरातल्या सगळ्यांनाच त्याची दया आलेली असते. मी कापसाचा बोळा दाबून धरा म्हणून सांगतो न सांगतो, तोच ताटल्या येतात, आणि आपल्या मावळात घरी आलेल्या माणसाला बाजूला बसवून कुणी एकटं खात नाही. सुई टोचणाऱ्याला तर मुळीच नाही. पुढच्या वेळी त्यानं हळू टोचावं, असंही मनात असतं. एका सकाळी अशी पाच-सहा घरं होतात. शिवाय काहींची जेवणानंतरची शुगर तपासायची असते, म्हणजे दोन तासांनी त्याच घरात पुन्हा जायचं. मी कुणाचं मन मोडलं नाही.

हे बायकोला सांगायची वेळ कधी आली नाही. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. ती एवढंच विचारायची, "सकाळी घरून काही खाऊन निघता का?" मी खरं तेच सांगायचो, "पाण्याशिवाय काही नाही."

अशात लॅबमध्ये नव्या तपासण्यांची यादी आली. नमुने आम्ही घ्यायचे आणि मुंबईला पाठवायचे. त्या यादीत लेप्टिन हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. फोनवर शोधलं. शरीरात असं एक हार्मोन असतं, जे पोट पुरेसं भरल्याचं, साठा भरपूर असल्याचं मेंदूला कळवतं. ज्यांच्यात ते नसतं त्यांची भूक भागतच नाही, ती माणसं फार लठ्ठ होतात. एवढं वाचून मी फोन बंद केला. पुढंही बरंच लिहिलेलं होतं. पण माणसाला हवं ते मिळालं की त्यानं थांबावं, हा नियम मी जेवणात नाही तरी वाचनात पाळतो.

त्याच दिवशी घरी जाहीर केलं. "मला लेप्टिन नाही."

बायको वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठं मिळतं?"

"मिळत नाही. ते शरीरातच असावं लागतं. माझ्यात कमी आहे. म्हणून तर दोन पोळ्या खाऊनसुद्धा वजन वाढतं."

तिनं लाल पेन बाजूला ठेवून माझ्याकडे असं काही बघितलं, की मला स्वतःचीच कीव आली. त्या संध्याकाळी तिनं मला तिसरी पोळी वाढली.

आजाराला नाव मिळालं की माणसाचा मान वाढतो, हे मी रोज बघत आलोय. बुद्ध पौर्णिमेला आम्ही बेडशाला गेलो. तिथं आई आणि थोरला भाऊ राहतात. सकाळची वंदना झाली, घरात खिरीचं मोठं पातेलं होतं, आणि सगळे जमलेले होते. मी लेप्टिनचं सगळं समजावून सांगितलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाला पोट भरल्याचंच कळत नाही, त्याला दोन वाट्यांवर कसं थांबवायचं, म्हणून तिनं तिसरी वाटी भरली, आणि मी ती नाइलाजानं घेतली.

आई मात्र भिंतीला टेकून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"म्हंजी तुला पोट भरल्यालं समजतच न्हाई?"

"न्हाई आये."

"ल्हानपनापासनं?"

"जन्मापासनंच असतंय ते."

"मंग ढेकर कशापायी द्यायचास रं?"

भाऊ खिरीसकट हसला. बायको हसली नाही. ती विचारात पडल्यासारखी दिसली. त्याच वेळी मी सावध व्हायला हवं होतं.

घरी परतताना ती म्हणाली, "मग तपासून घेऊ ना. तुमचीच लॅब आहे."

नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचाच या गोष्टीवर विश्वास बसायला लागला होता. एखादी गोष्ट चार लोकांना सांगितली की पाचवा ऐकणारा आपण स्वतः असतो. लॅबमधल्या माझ्या सहकारी मुलीनं माझं रक्त घेतलं. एकोणीस वर्षं लोकांना 'काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं' म्हणणाऱ्या मी खिडकीबाहेर बघितलं. नमुना मुंबईला गेला.

आठ दिवसांनी रिपोर्ट कॉम्प्युटरवर आला. मी दार लावून उघडला. लेप्टिन कमी नव्हतं. नॉर्मलही नव्हतं. सर्वसाधारण मर्यादेच्या कितीतरी वर होतं. शेजारी वर दाखवणारा बाण होता. आमच्याकडे तो बाण मी रोज लोकांच्या कागदावर बघतो, पण स्वतःच्या नावासमोर तो फारच उद्धट दिसतो.

मी रिपोर्ट बंद केला आणि घरी गेलो.

"रिपोर्ट आला का हो?"

"मुंबईला फार गर्दी असते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिनं पोळी वाढता वाढता विचारलं, "कमीच निघेल ना पण?"

"लक्षणं तर तेच सांगतायत."

"आणि जास्त निघालं तर?"

"जास्त निघत नाही कुणाचं."

चौथ्या दिवशी मशीन बिघडलं असल्याचं मी सांगितलं. पाचव्या दिवशी तिनं माझ्या ताटाशेजारी तिचा फोन ठेवला. स्क्रीनवर माझं नाव, माझं वय आणि तो बाण. आमच्या लॅबचे रिपोर्ट नोंदवलेल्या नंबरवर आपोआप जातात, आणि घरच्या सगळ्या तपासण्यांना नंबर तिचा लावायची पद्धत मीच पाडलेली होती. तिच्याकडे तो माझ्याआधी पोचला होता. पाच दिवस ती माझी परीक्षा घेत होती आणि मी रोज नव्यानं नापास होत होतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "शनिवारी शाळा सकाळची आहे. दुपारी मी तुमच्या मॅडमना भेटायला येते."

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम तळेगावहून येतात. कमी बोलतात आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात, त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलणं जड जातं. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि सरळ माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं कमी असेल म्हणून?"

मी फोनचं नाव घेतलं.

"अहो, लेप्टिन चरबीतूनच तयार होतं. चरबी जितकी जास्त, तितकं ते जास्त. चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती सतत मेंदूला निरोप पाठवत असते, की भरपूर आहे, आता खाणं आवरा. जन्मतः लेप्टिन नसलेली माणसं जगात असतात, पण अगदी क्वचित. त्यांना लहानपणापासून भयंकर भूक असते, आणि त्यांना इंजेक्शन दिलं तर फरक पडतो. तुमच्याकडे निरोप भरपूर जातायत. मेंदू ते ऐकेनासा झालाय. वजन वाढलेल्या बहुतेकांचं असंच असतं."

मला पुन्हा आशा वाटली. "म्हणजे मेंदूला ऐकू येत नाही. म्हणजे आजारच झाला."

"यांना ऐकू येत नाही," बायको मॅडमना म्हणाली, "हे मला लग्नापासून माहीत आहे."

मॅडम हसल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "नाश्त्याला काय असतं?"

"घरी काहीच नाही," मी म्हणालो.

नमुन्यांवर नंबर चिकटवत बसलेली आमची सहकारी मुलगी निष्पापपणे म्हणाली, "सरांना लागतच नाही ना. आल्यावर आम्ही डबा उघडतो तर म्हणतात, गळ्यापर्यंत झालंय."

बायकोनं सावकाश माझ्याकडे बघितलं. गणित सुटल्यावर मुलांचा होतो तसा तिचा चेहरा झाला होता.

"सोमवारी मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर. मागं बसून."

तो सोमवार मी विसरणार नाही. पहिलं घर लोणावळ्याला, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं. दार उघडताच ते म्हणाले, "या, या. आज तुमच्यासाठी ताजी खारी आणून ठेवलीय." मागून बायको आत आली. "या तुमच्या मिसेस का? वा! मग चहा वाढवायला सांगतो." दुसऱ्या घरातल्या वहिनींनी सांगितलं, की भाऊंना, म्हणजे मला, उपिटात काजू लागतात म्हणून मी येणार त्या दिवशी त्या मुद्दाम घालतात. बायकोनं तेव्हा घरं मोजत करंगळीशेजारचं बोट मिटलं. तिसऱ्या घरी घावन होतं. चौथ्या घरात मी डोळ्यांनी खुणा करून बघितल्या, तर तिथल्या आजींनी मोठ्यानं विचारलं, "डोळ्यात काय गेलं का?"

सगळ्यांना बायको एकच सांगत गेली. "यांची स्वतःची तपासणी चालू आहे. उपाशी राहायचंय."

"आरारा. किती दिवस?"

"बघू. सहा महिने तरी."

कुरवंड्याला शेवटचं घर. तिथले आबा मला गेली दहा वर्षं ओळखतात. त्यांच्या पडवीत बसलं की समोर नागफणीचा कडा दिसतो. त्या पडवीतली भाकरी आणि लसणाची चटणी मी कधी नाकारलेली नव्हती. मी हात जोडून नको म्हणालो, तेव्हा ते घाबरले. "रक्त मी दिलं आन् चक्कर तुला यायला लागली व्हय?"

कामशेतला स्कूटरवरून उतरल्यावर बायको म्हणाली, "दोन वर्षं मी विचार करत होते, की माझ्या पोळ्याच जाड होतायत का." हे ती हसत म्हणाली नाही. मला खरोखर वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून मी सकाळची घरं उपाशी करायला लागलो.

वजन उतरलं. पहिले दोन महिने तर भराभर. संध्याकाळी बेडशाला जाऊन लेण्यांच्या पायऱ्या चढायचो. सुरुवातीला चार वेळा बसायचो आणि बसताना आमच्या पूर्वजांपैकी कुणी एवढ्या वर दगड कोरला असेल तर तो नक्की सडपातळ असणार, असं म्हणायचो. पाच महिन्यांत काटा पंच्याऐंशीवर आला. मला सैल झालेली त्याची जुनी पँट भावानं परत मागितली. आईनं गालाला हात लावून म्हटलं, "आजारी हाईस व्हय?"

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मला खरी भूक लागायला लागली.

आधीची भूक म्हणजे नुसता शौक होता. ही वेगळीच होती. जेवून उठलो की तासाभरात पुन्हा. थंडी सुरू झाली तर लॅबमध्ये मी एकटाच दोन स्वेटर घालून. पायऱ्या चढायचा कंटाळा. बायकोनं काही विचारलं की चिडचिड. एकदा एका घरी दंडाला रबरी पट्टा बांधला आणि आतून शेंगदाणे भाजल्याचा वास आला, तर मला दोनदा शीर सापडली नाही. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि एवढं करून काटा पंच्याऐंशीवर अडून बसलेला.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता मात्र तुमचं म्हणणं थोडं खरं झालंय."

"कोणतं?"

"लेप्टिन कमी झाल्याचं. चरबी घटली, त्यामुळे निरोपही घटला. आणि निरोप वाढला तर मेंदू फारसं मनावर घेत नाही, पण घटला तर लगेच घेतो. त्याला वाटतं दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. म्हणून थंडी वाजते, कंटाळा येतो. शरीराला जुनं वजन परत हवं असतं. यात तुमचा आळस नाही."

"हे जरा लिहून द्याल?"

त्यांनी लिहून दिलं नाही. मी घरी जाऊन तोंडीच सांगितलं. बायकोला खात्री वाटेना, म्हणून तिनं मॅडमना फोन केला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे या वेळी तुम्ही खरं बोलताय." दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात अकरा वाजताचे मूठभर फुटाणे आणि एक उकडलेलं अंडं आलं. संध्याकाळी ती माझ्याबरोबर पायऱ्या चढायला लागली. ती माझ्या पुढं असायची. चिडचिड कमी झाली. काटा मागं फिरला आणि अठ्ठ्याऐंशीवर थांबला. मॅडम म्हणाल्या, "इथं टिकवून दाखवा, तेवढं पुष्कळ."

त्याच दिवसांतली वडिवळ्याची गोष्ट सांगायला हवी. तिथं एक मावशी आहेत, पासष्टीच्या. एकट्या राहतात, धरणाखाली त्यांची भातखाचरं आहेत, मुलगा पुण्याला नोकरीला. शुगर तपासायला मी दर तीन महिन्यांनी जायचो. माझ्या सहा घरांत सगळ्यात चांगलं घर त्यांचं. तांदळाची मऊ भाकरी, वाटाण्याची उसळ, वर गरम इंद्रायणी भात. मी आता खाणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त राग त्यांनाच आला होता, आणि मी रक्त घेऊन तसाच निघालो होतो. या वेळी त्या म्हणाल्या,

"मंग समोर बस तरी. एकटीला घास जात न्हाई."

मी समोर बसलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यापुढं ताट नसल्यामुळं, मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. वर भात घेतला. चहाची बशी तोंडाला लावताना हात असा थरथरत होता की चहा लुगड्यावर सांडला. हिवाळ्याचे दिवस, आणि त्या पदरानं वारा घेत होत्या. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या होत्या. मला आठवलं, मघाशी पट्टा बांधताना मला तो आणखी एका वेढ्यानं आवळावा लागला होता.

"मावशी, तुम्ही वाळलात."

"लय भूक लागती रं. खाती बी लय. पर अंगाला काय लागत न्हाई. छातीत बी धडधडतंय. वय झालं, आनखी काय."

"कधीपासून?"

"झालं की वरीस."

वर्षभर. त्या वर्षात मी त्या घरी चौथ्यांदा आलो होतो, त्यातल्या दोनदा पोटभर जेवलो होतो. एकाच पंगतीत बसून मी फुगत होतो आणि त्या झिजत होत्या, आणि माझं लक्ष उसळीत होतं. मला माझी लाज वाटली.

लॅबवर आल्याबरोबर मॅडमना सगळं सांगितलं. शुगर ठीक होती. मॅडमनी मावशींच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी थायरॉइड तपासायला सांगितलं, आणि त्याचं हार्मोन फारच वाढलेलं निघालं. तळेगावला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. मुलगा येऊन पंधरा दिवस राहिला. पुढच्या तीन महिन्यांत मावशींचा हात थरथरायचा थांबला आणि वजन पाच किलोनं वाढलं. लावणीला त्या पुन्हा खाचरात उभ्या होत्या, बायकांवर ओरडत.

मात्र त्यांनी गावात जे सांगितलं, ते मी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, की ह्यो माणूस रगत बिगत काय तपाशीत न्हाई, फकस्त समोर बसून आपुन जेवताना बघतो आन् रोग सांगतो.

तेव्हापासून वडिवळ्यातून मला जेवणाच्या वेळी बोलावणी येतात. गेल्या महिन्यात तीन आली. नाही म्हटलं तर लोकांना वाटतं, काहीतरी गंभीर दिसलंय म्हणून लपवतोय. मग मी जातो. माणूस अवघडून घास घेतो, घरचे सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघतात, आणि मी माझ्याजवळचे फुटाणे खात गंभीरपणे बसतो. परवा एका आबांनी चांगलं पोटभर जेवून हात धुतला, ढेकर दिली आणि भीत भीत विचारलं, "मंग? काय हाय मला?"

"तुम्हाला काही नाही, आबा. मीठ तेवढं कमी खा. आणि एकदा रक्त तपासून घ्या."

ते म्हणाले, "रगत कशाला, तू बघितलं की." आणि त्यांनी सुनेला हाक मारून माझ्यासाठी पाट मांडायला सांगितला.